पाच दिवसांची पेशी, दहा वर्षांचा कॅन्सर

आपल्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. आज दुपारच्या जेवणातलं सत्त्व शोषून घेणाऱ्या बहुतेक पेशी पुढच्या आठवड्यात शरीरात नसतात. त्या सुटून आतड्याच्या पोकळीत पडतात आणि अन्नाबरोबर पुढे वाहून जातात. त्यांच्या जागी नव्या पेशी आलेल्या असतात. शरीरातलं दुसरं कुठलंही अस्तर इतक्या झपाट्याने बदलत नाही. आम्ल, पाचक रस, जिवाणू आणि तिखटमीठ या सगळ्यांचा मारा रोज सोसायचा तर दुसरा उपायही नाही.

पण यातून एक कोडं तयार होतं. कॅन्सर म्हणजे एखाद्या पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जाणं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला पहिल्या बिघाडापासून घातक गाठ होईपर्यंत बहुधा दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. मग जी पेशी पाच दिवसांत मरणारच आहे, तिच्यात दहा वर्षांचे बिघाड साचणार कसे? पहिला बिघाड झाला तरी आठवडाभरात ती पेशी बिघाडासकट शरीराबाहेर गेलेली असेल. हिशेबाने बघितलं तर आतड्याचा कॅन्सर होताच कामा नये. प्रत्यक्षात 2022 या एका वर्षात जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे सुमारे 19 लाख नवे रुग्ण सापडले आणि जवळपास 9 लाख माणसं त्याने दगावली.

हे कोडं ज्यांच्या प्रयोगशाळेत सर्वांत नीट सुटलं ते डच वैज्ञानिक म्हणजे हान्स क्लेव्हर्स. त्यांचं काम नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात चालायचं. तिथल्या ह्यूब्रेख्त संस्थेचे ते 2002 ते 2012 अशी दहा वर्षं संचालक होते. शिक्षण वैद्यकाचं आणि जीवशास्त्राचं, दोन्ही उट्रेख्तमध्येच. पुढे अमेरिकेत जाऊन ते रोगप्रतिकारशास्त्राकडे वळले. आतडं त्यांच्या गावीही नव्हतं. रक्तातल्या टी-पेशी इतर पेशींपेक्षा वेगळ्या कशामुळे ठरतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्या शोधात 1991 मध्ये त्यांना एक प्रथिन सापडलं, टीसीएफ-1. हे प्रथिन डीएनएवर जाऊन बसायचं, पण एकटं असलं की काहीच करायचं नाही. त्याला कुणीतरी जोडीदार लागत असणार, एवढंच तेव्हा कळत होतं.

तो जोडीदार 1996 मध्ये सापडला, बीटा-कॅटेनिन. इथून ही गोष्ट आतड्यात शिरते, म्हणून इथे थोडं थांबू या.

आपल्या पेशी बीटा-कॅटेनिन सतत बनवतात आणि बनवल्याबरोबर सतत नष्टही करतात. हा उद्योग वरवर वायफळ वाटतो, पण त्यामागे सोय आहे. शेजारच्या पेशींकडून ‘आता वाढा’ असा रासायनिक निरोप आला की नष्ट करण्याचं काम थांबतं आणि बीटा-कॅटेनिन काही वेळातच साठू लागतं. ते पेशीच्या केंद्रकात जातं, टीसीएफच्या शेजारी बसतं आणि दोघं मिळून विभाजनाची जनुकं चालू करतात. या निरोपाचं नाव विंट. निरोप थांबला की बीटा-कॅटेनिन पुन्हा नष्ट होऊ लागतं आणि पेशी शांत होते. नष्ट करण्याच्या या कामात जे प्रथिन मुख्य हात लावतं त्याचं नाव एपीसी.

एपीसी हे नाव कॅन्सरच्या संशोधकांना आधीपासून माहीत होतं. काही घराण्यांत मोठ्या आतड्यात लहान वयातच शेकडो, कधी हजारो पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या साध्या गाठी, उगवतात. आतडं वेळीच काढलं नाही तर त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणार हे जवळजवळ ठरलेलं. 1991 मध्ये कळलं की या घराण्यांत एपीसीचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. घरात असा काही इतिहास नसलेल्या सर्वसाधारण रुग्णांच्या गाठींतही सुमारे 80 टक्के वेळा हेच जनुक मोडलेलं दिसतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस लहान पॉलिप, मोठे पॉलिप आणि कॅन्सर यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून जनुकांचे बिघाड तपासले होते. त्यातून बिघाडांचा एक क्रम दिसला. सुरुवात बहुधा एपीसीपासून, मग केआरएएस, पुढे एसएमएडी-4 आणि पी-53. कोणती जनुकं हे कळलं होतं. एपीसी मोडल्यावर नेमकं काय होतं, हे मात्र कळलं नव्हतं.

1997 मध्ये क्लेव्हर्स आणि व्होगेलस्टाइन यांच्या गटांचे निबंध एकाच वेळी आले आणि दुवा जुळला. एपीसी नसलं की बीटा-कॅटेनिन नष्टच होत नाही. आतड्याच्या पेशीत टीसीएफ-1 चं भावंड टीसीएफ-4 असतं. त्याच्या जोडीला बीटा-कॅटेनिन कायम हजर राहतं. निरोप आलेला नसतो, तरी पेशी ‘वाढा’ हा हुकूम पाळत बसते.

पुढच्याच वर्षी क्लेव्हर्स यांच्या गटाने उलट प्रयोग केला. टीसीएफ-4 मुळातच नसलेली उंदराची पिल्लं तयार केली. ती जन्मानंतर लगेच मेली. त्यांच्या लहान आतड्यात पाहिलं तर वाढणाऱ्या पेशीच नव्हत्या, असलेलं अस्तर बदलायला मागे कुणी उरलंच नव्हतं. मला या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. जी यंत्रणा अडकून चालू राहिली की कॅन्सर होतो, तीच यंत्रणा नसली तर आतडं जगत नाही. आतड्याचा कॅन्सर बाहेरून काही नवं घेऊन येत नाही. रोजच्या नूतनीकरणाचंच काम तो करतो, फक्त ते थांबवायची सोय मोडलेली असते. या कॅन्सरवरचं औषध इतकं अवघड का, याचंही एक कारण इथेच आहे. विंटचा मार्ग सरसकट बंद करणारं औषध दिलं तर गाठीबरोबर निरोगी अस्तरही आटेल.

आता मूळ कोड्याकडे. अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर लहान आतड्यात उंच, बोटासारखे उंचवटे दिसतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांच्या पायथ्याशी खोल, अरुंद खळगे असतात, ते क्रिप्ट. मोठ्या आतड्यात व्हिलाय नसतात, पण क्रिप्ट असतात. नव्या पेशी क्रिप्टच्या तळाशी जन्मतात, वर सरकतात, सरकता सरकता आपापलं काम शिकतात आणि टोकाला पोहोचून गळून पडतात. म्हणजे तळाशी अशा काही पेशी असल्याच पाहिजेत ज्या स्वतः सरकत नाहीत, गळत नाहीत, फक्त विभागत राहतात. आजच्या दह्यातलं चमचाभर विरजण बाजूला ठेवलं तरच उद्याचं दही लागतं, तसं. या मूळपेशी. कोडं सुटायचं तर ते इथेच, कारण वर्षानुवर्षं टिकून राहणारी पेशी फक्त हीच.

पण त्या कोणत्या, यावर एकमत नव्हतं. 1974 मध्ये कॅनडात हेझल चेंग आणि शार्ल लेब्लाँ यांनी अगदी तळाशी, जिवाणूंविरुद्ध द्रव्यं सोडणाऱ्या जाड्याजुड्या पानेथ पेशींच्या मधल्या फटींत चिणलेल्या बारीक पेशी पाहिल्या होत्या आणि मूळपेशी याच असाव्यात असं सुचवलं होतं. दुसरा पक्ष म्हणायचा की मूळपेशी त्यांच्या जरा वर, तळापासून चौथ्या जागेच्या आसपास असतात. शिवाय तेव्हाचा सर्वसाधारण समज असा की खऱ्या मूळपेशी फार क्वचित विभागतात, कारण प्रत्येक विभाजनात चूक होण्याचा धोका. तळाच्या त्या बारीक पेशी तर सारख्या विभागताना दिसायच्या. मग त्या कशा असतील?

क्लेव्हर्स यांच्याकडे आता एक धागा होता. विंटच्या हुकमावरून आतड्यात जी जनुकं चालू होतात त्यांची यादी. त्यातलं एकेक जनुक ते क्रिप्टमध्ये कुठे चालू आहे हे तपासत गेले. बहुतेक जनुकं सगळ्या खालच्या भागात दिसली. एकच असं निघालं जे फक्त तळाच्या, पानेथ पेशींमधल्या त्या बारीक पेशींत चालू होतं. एलजीआर-5.

पुढचा प्रयोग निक बार्कर यांनी केला. ज्या पेशीत एलजीआर-5 चालू असेल ती हिरवी चमकेल असे उंदीर त्यांनी घडवले. त्यात आणखी एक तजवीज होती. उंदराला एका औषधाचं इंजेक्शन दिलं की त्या क्षणी एलजीआर-5 चालू असलेल्या काही पेशींवर जनुकीय खूण बसायची. ती खूण पुसली जात नाही आणि त्या पेशीच्या प्रत्येक वंशजाकडे जाते. नंतर आतडं एका रसायनात रंगवलं की खूण असलेल्या पेशी निळ्या दिसतात. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तळाशी तुरळक निळे ठिपके. पाचव्या दिवशी तळापासून व्हिलायच्या टोकापर्यंत सरळ निळी पट्टी. दोन महिन्यांनी पाहिलं तरी पट्टी तिथेच, एवढ्यात अस्तर दहा-बारा वेळा बदलून गेलेलं असूनही. शोषणाच्या पेशी, चिकट द्रव सोडणाऱ्या पेशी, सगळे प्रकार त्या पट्टीत होते. चेंग आणि लेब्लाँ बरोबर होते. हे 2007 साल.

उंदराच्या लहान आतड्याच्या एका क्रिप्टमध्ये अशा साधारण 15 मूळपेशी असतात आणि त्या जवळजवळ रोज विभागतात. त्यांच्यात ज्येष्ठ-कनिष्ठ असं काही नसतं. प्रत्येक विभाजनात तळाची जागा कुणाला मिळेल आणि कोण वर ढकललं जाईल हे योगायोगावर ठरतं. त्यामुळे काही महिन्यांत अख्खा क्रिप्ट एकाच मूळपेशीच्या वंशजांनी भरून जातो, हे 2010 मध्ये याच गटाने रंगीबेरंगी खुणा वापरून दाखवलं. कॅन्सरच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ सरळ आहे. एका मूळपेशीत बिघाड झाला आणि योगायोगाने तिचाच वंश टिकला, तर पूर्ण क्रिप्ट त्या बिघाडाचा वारस होतो.

2009 मध्ये कोड्याचं उत्तर थेट प्रयोगातून आलं. उंदरांच्या एका गटात एपीसी फक्त एलजीआर-5 असलेल्या मूळपेशींतून काढून टाकलं, तीन ते पाच आठवड्यांत ठळक गाठी झाल्या. दुसऱ्या गटात तेच जनुक वर सरकत चाललेल्या, अल्पायुषी पेशींतून काढलं. तिथे इवल्या गाठी उगवल्या खऱ्या, पण त्यांची वाढ अडून राहिली, मोठ्या गाठी क्वचितच झाल्या. पाच दिवसांच्या पेशीला कॅन्सर सहसा होत नाही. तो होतो तिच्या मागे राहिलेल्या पेशीला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या बिघाडापासून कॅन्सरपर्यंत जी वर्षं लागतात त्यातली बरीचशी ती गाठ साध्या पॉलिपच्या रूपात काढते. कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून तपासणं, करताना पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी काढता येतो आणि पुढची सगळी साखळी तिथेच तुटते. इतक्या आधी हात घालता येईल असे कॅन्सर फार थोडे आहेत. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडलं की पहिला शब्द निघतो मूळव्याध. पुष्कळदा ती असतेच. पण तपासणी न करता महिनोन्‌महिने मलम आणि काढे घेत राहणं यात नेमका हाच वेळ हातचा जातो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर नव्याने रक्त जाऊ लागलं, शौचाची सवय बदलली, हिमोग्लोबिन विनाकारण घसरलं, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारावं. तरुण वयातही अशी लक्षणं टिकून राहिली तर दुर्लक्ष करू नये.

मूळपेशी सापडली, पण हे काम जगभर पोहोचलं ते त्यानंतरच्या एका शोधामुळे. जपानहून आलेले पोटाच्या विकारांचे डॉक्टर तोशिरो सातो यांनी क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत ती एकटी मूळपेशी शरीराबाहेर वाढवायचं ठरवलं. निरोगी आतड्याच्या पेशी बाहेर काढल्या की लवकरच मरतात, असा तोवरचा अनुभव होता. सातो यांनी तिला जेलीसारख्या पदार्थाचा आधार दिला आणि मोजकी द्रव्यं दिली. विंटचा निरोप तीव्र करणारं आर-स्पॉन्डिन, वाढीचं ईजीएफ, आणि मूळपेशीला लवकर प्रौढ होऊ न देणारं नॉगिन. एका पेशीपासून आधी पोकळ गोळा झाला, मग त्याला बाहेरच्या बाजूने कोंब फुटले. प्रत्येक कोंब म्हणजे एक क्रिप्ट, तळाशी पानेथ पेशी आणि मूळपेशी, मधल्या पोकळीत गळून पडलेल्या मेलेल्या पेशी. आतड्याच्या अस्तराची सारी रचना एका पेशीला आतूनच ठाऊक होती. याला ऑर्गनॉइड म्हणतात. 2011 पर्यंत माणसाच्या मोठ्या आतड्याचे ऑर्गनॉइडही वाढू लागले.

व्होगेलस्टाइन यांनी रुग्णांच्या नमुन्यांवरून मांडलेला क्रम आता ताटलीत घडवून पाहता येत होता. 2015 मध्ये क्लेव्हर्स यांच्या आणि जपानला परतलेल्या सातो यांच्या गटांनी निरोगी माणसाच्या आतड्याचे ऑर्गनॉइड घेऊन क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राने, एकेक जनुक बिघडवलं. लाखो पेशींतून नेमक्या बिघडलेल्या पेशी निवडायच्या कशा, यावरची उट्रेख्तच्या गटाची युक्ती फार सुंदर आहे. एपीसी मोडलं की पेशीला विंटच्या निरोपाची गरज उरत नाही, म्हणून विंट आणि आर-स्पॉन्डिन काढून घेतलं. ज्या जगल्या त्या एपीसी मोडलेल्या. केआरएएस बिघडलं की ईजीएफ लागत नाही, म्हणून ईजीएफ बंद. एसएमएडी-4 गेलं की नॉगिन नको, म्हणून तेही बंद. पी-53 साठी असं औषध घातलं ज्याने पी-53 शाबूत असलेली पेशी वाढू शकत नाही. शेवटी चारही बिघाड असलेली पेशी कुठल्याही निरोपाशिवाय वाढत होती, आणि उंदरात सोडल्यावर तिने आजूबाजूला शिरणारी गाठ केली. या प्रयोगातून कॅन्सरचा प्रत्येक टप्पा नेमका कशासाठी असतो हे दिसतं. दर बिघाडागणिक पेशी शेजाऱ्यांच्या एकेका हुकमातून सुटत जाते.

रुग्णाच्या गाठीतूनही ऑर्गनॉइड वाढवता येतात. मग त्यांच्यावर औषधं तपासून रुग्णाला लागू पडेल तेच द्यावं, ही कल्पना ओघानेच आली. 2018 मध्ये लंडनच्या एका गटाने पचनसंस्थेच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर हे ताडून पाहिलं. ऑर्गनॉइडवर जे औषध निकामी ठरलं ते रुग्णावरही निकामी ठरलं. ऑर्गनॉइडवर लागू पडलं ते रुग्णाला बहुतेकदा लागू पडलं, प्रत्येक वेळी नाही. रोजच्या उपचारात मात्र हे अजून सर्रास आलेलं नाही. ऑर्गनॉइड वाढायला आठवडे लागतात, खर्च मोठा आहे, आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात. प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं त्यावर एकट्याने तपासता येत नाहीत. रुग्णाला थेट फायदा आधी मिळाला तो वेगळ्याच आजारात, शरीरातले स्राव घट्ट आणि चिकट करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात. गुदाशयाचा एक कण घेऊन त्याचे ऑर्गनॉइड केले आणि त्यांत विशिष्ट द्रव्य घातलं की निरोगी माणसाचे फुगतात, या रुग्णांचे फुगत नाहीत. औषध घातल्यावर फुगले तर ते औषध त्या रुग्णाला उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. ज्या दुर्मीळ जनुकबदलांवर मोठी चाचणी घ्यायला पुरेसे रुग्णच नसतात, त्यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये ही तपासणी वापरली गेली.

एक आशा मात्र जशीच्या तशी टिकली नाही. गाठीतल्याही एलजीआर-5 पेशीच गाठ चालवत असतील तर तेवढ्याच मारल्या की काम झालं, असं वाटत होतं. 2017 मध्ये दोन गटांनी ते करून पाहिलं. गाठीची वाढ थांबली किंवा गाठ आकसली, पण मारणं थांबवल्यावर गाठीतल्या इतर पेशी मागे फिरून पुन्हा मूळपेशी झाल्या आणि गाठ परतली. यकृतात पसरलेल्या गाठींना मात्र या पेशींवाचून तग धरणं अवघड गेलं, म्हणून हा मार्ग पूर्ण सोडलेला नाही. उपचारानंतर हा कॅन्सर पुन्हा का डोकं वर काढतो, याचं एक उत्तर या लवचीकपणात आहे.

पहिला बिघाड कोण करतं, यावरही ऑर्गनॉइडने प्रकाश टाकला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं, डीएनएला इजा करणारं द्रव्य बनवतात. क्लेव्हर्स यांच्या गटाने असे जिवाणू माणसाच्या ऑर्गनॉइडच्या पोकळीत पाच महिने पुन्हा पुन्हा सोडले आणि मग त्या पेशींचा संपूर्ण डीएनए वाचला. त्यात बिघाडांचा एक ठरावीक नमुना निघाला, आणि तोच नमुना काही रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या गाठींतही सापडला. हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 गाठींचा डीएनए वाचणाऱ्या दुसऱ्या एका गटाला दिसलं की चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत हा नमुना सत्तरीनंतर झालेल्यांपेक्षा 3.3 पट जास्त आढळतो. या इजा बालपणीच, बहुधा पहिल्या दहा वर्षांत झालेल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या काही थेट एपीसीच्या जनुकावर झालेल्या होत्या.